तिसऱ्या दिवशीचं विणकाम

सोलापूरच्या पूर्वभागातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आता मोटारसायकली दुरुस्त होतात. मागच्या आठवड्यात मी दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा आतल्या मेकॅनिकनं मान वर करून विचारलं, "कुठली गाडी, काका?" गाडी नाही, नुसतं बघायला आलोय, असं म्हटल्यावर तो पुन्हा कामाला लागला. खाली शहाबादी फरशी घातली आहे. डाव्या भिंतीजवळचा दोन हातांचा चौकोन मात्र बोटभर खचलेला आहे आणि शेडमध्ये सांडलेलं सगळं ऑईल तिथं जाऊन साचतं. त्या जागी मागाचा खड्डा होता. विणकर खड्ड्याच्या काठावर बसायचा आणि पाय आत सोडून पावड्या दाबायचा. त्या काठावर मी नरसय्यांना बसलेलं पाहिलं आहे, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाला, अंबादासला. त्या काठाविषयी मी जे लिहिलं त्याच्यावर माझं नाव झालं. ते खोटं होतं.

मी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. तिची नवी आवृत्ती निघते आहे आणि प्रकाशकांनी प्रस्तावना मागितली आहे. कॉलेजातल्या मुलांना ती अभ्यासाला होती. वडील वारल्यावर तिसऱ्या दिवशी कोरड्या डोळ्यांनी मागावर जाऊन बसणारा तिचा नायक अस्तित्ववादी आहे, परात्म आहे, त्याला कशाचंच काही वाटत नाही, असं त्या मुलांनी चाळीस वर्षं उत्तरपत्रिकांत लिहिलं. मीही वर्गात तेच शिकवलं. प्रस्तावनेसाठी कागद पुढं ओढला, आणि दोन ओळींच्या पुढं जाता येईना. म्हणून त्या गल्लीत गेलो.

सत्तरच्या दशकातली ती गल्ली सकाळी रंगीत असायची. उजाडता उजाडता लोक रस्त्यावरच ताणे पसरायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे धागे ताणून बांधलेले, दोन्ही बाजूंनी माणसं वाकून कुंचल्यानं खळ लावत चाललेली. सायकलवाले न सांगता खाली उतरायचे आणि भिंतीला घासून सायकल काढायचे. खळीचा वास आंबूस, शिळ्या पेजेसारखा. गटारातून कधी लाल पाणी वाहायचं, कधी हिरवं, आणि दोन घरांचं पाणी एकत्र मिळालं की जांभळं. उन्हं चढली की ताणे गुंडाळले जायचे, रस्ता पुन्हा धुळीचा व्हायचा आणि घराघरांतून माग बोलायला लागायचे. तेलुगू, मराठी, दखनी, सगळ्या बोलण्याच्या वर तो आवाज. बाहेरच्याला तो एकच खटखटाट वाटे. अंबादास माझा हात धरून गल्लीतून चालायचा आणि सांगायचा, "हा यादगिरी. याचा ठोका आधी येतो, मग विचार. हा लिंगय्या, काल भांडण झालंय घरात. आणि हा ऐक." आम्ही शेडपाशी आलेले असायचो. "हा नायना."

नायना म्हणजे त्याचे वडील. त्यांचा ठोका जड होता. एक मोठा, आणि त्याच्या पाठोपाठ एक अगदी हलका, थोपटल्यासारखा. कापड घट्ट यायचं. नुसत्या बोटांनी चाचपून व्यापारी म्हणायचे, नरसय्याचा माल.

मी वैराग गावचा. नुकताच कॉलेजात मराठी शिकवायला लागलेला, डोक्यात पुस्तकं भरलेला. अंबादास मॅट्रिक होऊन मागावर बसलेला. आमची ओळख वाचनालयात झाली, कारण मला हवं असलेलं पुस्तक दर वेळी त्याच्याकडं असायचं. भाषांतरातून आलेल्या त्या कादंबऱ्या तेव्हा आम्हाला फार मोठ्या वाटत. त्यांतला माणूस एका खोलीत राहायचा, खिडकीतून बघायचा, त्याला कशाचा अर्थ लागत नसायचा. मी भारावून जायचो. अंबादासही वाचायचा, माझ्यापेक्षा बारकाईनं, आणि पुस्तक मिटून एकच प्रश्न विचारायचा.

"हा दिवसभर करतो काय?"

"करतो काय म्हणजे? जगतो."

"ते झालं की. पण हाताला काय काम आहे त्याच्या? दळण कोण आणतं? आजारी पडला तर डोक्यावर ओलं फडकं कोण ठेवतं?"

"तेच तर त्याचं दुःख आहे. कुणी नाही."

"कुणी नाही कसं? लेखकानं आणलं नाही म्हण."

एका थंडीत तो माझ्याबरोबर वैरागला हुरड्याला आला. शेतात शेणकुटांची आगटी पेटवलेली. कणसं भाजून तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, कोवळे गरम दाणे शेंगाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. बोटं काळी झालेली, धुरानं डोळे चुरचुरत होते. त्याच काळ्या बोटांनी मी पिशवीतली कादंबरी काढली आणि तिची गोष्ट अंबादासला सांगायला लागलो. माझी आई शेजारी कणसं फिरवत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "ह्येला कुणीच न्हाय व्हय रं?"

"नाही."

"मग लगीन लावून द्या की त्येचं. का असंच ठिवणार हाय?"

अंबादास इतका हसला की दाणे त्याच्या नाकात गेले. पुढं कितीतरी महिने एखादं पुस्तक परत देताना तो गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "याचंही लग्न लावून द्यायला पाहिजे." मी चिडायचो. मला तसलीच एक कादंबरी लिहायची होती आणि माझ्याजवळ तसला माणूस नव्हता. वैरागात नव्हता, सोलापुरात नव्हता. जो भेटे त्याला आई असायची, भावकी असायची, उन्हाळ्यात पाहुणे यायचे.

नरसय्या उन्हाळ्यातच गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं.

त्यांच्या मागावर तेव्हा एक लुगडं होतं. हिरवं, लाल काठाचं, नऊवार. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या बायकांसाठी विणलं आणि अंबादासच्या आईनं, अम्मानं, त्या सगळ्या लुगड्यांच्या कांड्या, म्हणजे धोट्यात घालायच्या आडव्या सुताच्या नळ्या, भरल्या. घराच्या ओट्यावर चरखा घेऊन ती बसलेली असायची. उजवा हात फिरत असायचा, डावा धागा सोडत असायचा, आणि तोंडानं आल्यागेल्याची चौकशी. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा नरसय्यांनी बायकोसाठी विणायला घेतलं होतं. सूत स्वतः रंगवलं होतं. शेवटचे पाच हात विणायचे राहिले होते.

त्यांच्यात घरचं माणूस गेलं की दहा दिवस मागाला हात लावत नाहीत. शेडमधले बाकीचे माग भावकीचेच, तेही बंद. ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी भेटायला निघालो तर गल्लीत एक माग चालू होता. लोक दारात येऊन बघत होते. मी शेडमध्ये गेलो. मुंडण केलेल्या डोक्याला फडकं घट्ट बांधून अंबादास वडलांच्या जागी बसला होता. त्यानं मला मानेनंच सुताच्या गठ्ठ्यावर बसायची खूण केली.

तो चार बोटं विणायचा आणि थांबायचा. डोळे मिटून वडलांच्या विणीवरून तळहात आपल्या विणीवर आणायचा. मान हलवायचा. मग विणलेले आडवे धागे एकेक करून काढून टाकायचा आणि पुन्हा सुरू करायचा. दुपारपर्यंत त्याच्या गुडघ्याशी हिरव्या-लाल धाग्यांचा ढीग झाला. पत्रा तापून वरून आग येत होती. मी पाणी दिलं, ते त्यानं मागापासून लांब जाऊन प्यायलं.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"माझा ठोका हलका पडतो. सांधा दिसतोय."

"दिसू दे."

"अम्माला दिसेल." थोड्या वेळानं तो म्हणाला, "तिला सांगणार आहे, नायनानंच संपवलं होतं. मी नुसतं उतरवून आणलं. आवाजाचं विचारलं तर म्हणेन, माग चालवून बघितला. तू कुणाला बोलू नको."

मी म्हटलं, नाही बोलणार. मग विचारलं, "अंबादास, तू रडला नाहीस?"

"मागावर रडायचं नसतं. ताण्यावर पाणी पडलं की खळ सुटते, धागे एकमेकांना चिकटतात. मी लहान असताना नायनाच्या हातची पहिली चापट खाल्ली ती त्यासाठीच." असं म्हणून त्यानं फडक्यानं कपाळ कोरडं केलं, आणि पुन्हा धोटा फेकला.

चारच्या सुमाराला आवाज बदलला. एक जड, पाठोपाठ एक हलका, थोपटल्यासारखा. अंबादासच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला. माझ्याही आला. पुढं तो थांबला नाही. मी डोळे मिटले आणि मला नरसय्या बसलेले दिसले, त्यांची वाकलेली मान, दंडावरचा ताईत. लुगडं पुरं करून, मागावरून उतरवून, घडी घालून झाल्यावर तो शेडच्या मागच्या न्हाणीत गेला. तिथून किती तरी वेळ रडण्याचा आवाज येत होता. मी बाहेर उभा होतो.

हे सगळं मी पाहिलं. आणि मग जे लिहिलं त्यात शेड होतं, उन्हाळा होता, मुंडण केलेलं डोकं होतं, कोरडे डोळे होते. लुगडं नव्हतं. अम्मा नव्हती. गुडघ्याशी पडलेला धाग्यांचा ढीग नव्हता, न्हाणी नव्हती. माझ्या नायकाला कुणीतरी विचारतं, तू रडला नाहीस? तो म्हणतो, रडू आलं नाही. बस. त्या एका उत्तरावर पुण्यातल्या मासिकांनी पानंच्या पानं लिहिली.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत अंबादासला दिली. चार दिवसांनी तो माझ्या खोलीवर आला. पुस्तक मांडीवर ठेवून बसला.

"भाषा चांगली आहे," तो म्हणाला.

"आणि?"

"माणूसही चांगला आहे. मी नव्हे तो, पण चांगला आहे." मग म्हणाला, "तू याच्याभोवतीची माणसं एकेक करून बाहेर काढलीस. आणि मग हा एकटा आहे म्हणालास."

मी कलाकृती, निवड, आशय असं काहीबाही बोलत राहिलो. त्यानं ते ऐकून घेतलं. उठताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एक मात्र फार केलंस. लुगड्याचं लिहिलं नाहीस. लोक मला काय म्हणायचं ते म्हणू देत, अम्मापर्यंत ते जायला नको. तू शब्द पाळलास."

लुगडं मी शब्दाखातर वगळलेलं नव्हतं. लिहिताना शब्द दिल्याची आठवणही मला झाली नव्हती. लुगडं ठेवलं असतं तर नायक परका राहिला नसता, म्हणून काढलं होतं. त्याला तेव्हा हे सांगता आलं असतं. त्याचा हात खांद्यावर होता, तो मला बरा वाटला.

गल्लीतली कुजबूज तोपर्यंत विझत आली होती. सुतकात मागावर बसला, पोरसवदा आहे, झालं. माझ्या पुस्तकानं तिला पुन्हा फुंकर घातली, आणि आता ते छापलेलं होतं. वाचनालयात कुणी कुणाला वाचून दाखवलं, कुणी तेलुगूत सांगितलं. बाप जळाला तरी याला काही वाटलं नाही. त्याच सुमाराला अंबादासचं लग्न ठरलं होतं, दोन गल्ल्या पलीकडच्या मुलीशी. ती पाण्याला आली की तो पुस्तक उलटं धरायचा, असं त्याची धाकटी बहीण पद्मा सांगायची.

एका सकाळी त्याचे थोरले चुलते मल्लय्या माझ्या खोलीवर आले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मास्तर, तुमी व्हता की त्या दिवशी शेडात."

"होतो."

"मग सांगा. पोरगं का बसलं मागावर? मुलीचा बाप म्हणतोय, ज्याला बापाचं काय वाटलं न्हाय त्याला माझ्या पोरीचं काय वाटणार. बुकात लिवलंय म्हणतोय."

"कादंबरीतला माणूस वेगळा असतो, काका. ते प्रतीक असतं."

"म्हंजे?"

"म्हणजे आजचा माणूस आतून एकटा झालाय. त्याचं चित्र."

"एकटा? घरात पाच माणसं, शेडात आठ. एकटं व्हायला जागा कुटं हाय त्याला?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. "बुकातला ऱ्हाऊ द्या तुमच्या बुकात. आमचा पोरगा का बसला तेवढं सांगा. मुलीच्या बापाबिगर मी दुसऱ्याला बोलत न्हाय."

एक वाक्य पुरलं असतं. तो माणूस मुलीच्या बापाच्या कानात ते सांगून आला असता आणि अम्माला काही कळलं नसतं. माझ्या टेबलावर त्या दिवशी पुण्याहून आलेलं पत्र होतं. मराठीत इतका परका माणूस आजवर कुणी लिहिला नव्हता, असं त्यात होतं. मी ते तोवर तीनदा वाचलं होतं.

"अंबादासलाच विचारा," मी म्हटलं.

"त्यो बोलत न्हाय."

"मग मी काय बोलणार?"

मल्लय्या उठले. मग टोपी घातली. "म्हंजे बुकातलं खरं हाय म्हणा."

मी खाली बघितलं. ते गेले.

लग्न मोडलं. अंबादास भिवंडीला यंत्रमागावर गेला. जाताना भेटायला आला नाही आणि मीही स्टेशनवर गेलो नाही. पुढं कळत राहिलं, तुटक तुटक. त्यानं लग्न केलं नाही. एका खोलीत राहतो. सुट्टीच्या दिवशी खिडकीत बसतो. कुणाशी फार बोलत नाही. त्या कादंबऱ्यांतला माणूस मी शोधत होतो तेव्हा तो कुठंच नव्हता. आता एक होता.

त्या वर्षांतले वास मात्र मला अजून येतात. खळीचा, ओल्या सुताचा, पावसाळ्यात मागाच्या लाकडाचा. शेंगाच्या चटणीचा डबा उघडला की अंबादासच्या नाकात गेलेले दाणे आठवतात. शहर आता शांत वाटतं. बहुतेक माग गेले, जे राहिले ते विजेवर चालतात, आणि विजेच्या मागाला कुणाचाच ठोका नसतो.

शेड बघून झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. खालचा मजला जुनाच आहे, वर दोन चढवलेत. ओट्यावर पद्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. केस सगळे पांढरे. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"या मास्तर. लई वर्षांनी."

तिनं सांगितलं, अंबादास तीन वर्षांपूर्वी गेला, भिवंडीतच. तिचा मुलगा गेला होता अग्नी द्यायला. अम्मा त्याच्या आधी वर्षभर. ती नव्वदीला आली होती.

मी ओट्याच्या कडेला बसलो आणि तिसऱ्या दिवसाचं सगळं सांगून टाकलं. लुगडं, पाच हात, उसवलेले धागे, चार वाजता बदललेला आवाज, न्हाणी. पद्मा पान कापत होती, तंबाखू भरत होती, दोरा गुंडाळत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "माहीत आहे की."

"अंबादासनं सांगितलं?"

"अन्ना कशाला सांगेल? अम्माला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

"सांधा दिसला?"

"सांधा कुणाला दिसणार हो, अन्नानं केलेला. पण कांड्या तिनंच भरल्या होत्या ना. नायना तापानं पडला त्या दिवशी घरात अकरा कांड्या भरलेल्या होत्या. लुगडं आलं आणि कांड्या रिकाम्या. कोण विणलं, ते कळायला काय लागतं?" तिनं विडीचं तोंड नखानं दुमडलं. "पण अन्ना इतक्या मायेनं म्हणाला, नायनानं संपवलंय. ती म्हणाली, व्हय, त्याचाच हात आहे. मग काय, दोघंही गप्प. ते लुगडं ती दर सणाला नेसायची आणि अन्ना तिच्याकडं बघायचा."

सुपातून घरंगळलेली एक विडी मी उचलून परत ठेवली.

"लग्नाच्या वेळी तिला बोलता येईना. बोलली तर अन्नाला कळणार, हिला ठाऊक आहे. म्हणून तिनंच पेद्दनायनाला तुमच्याकडं पाठवलं, मल्लय्याला. म्हणाली, मास्तर होता तिथं. शिकलेला माणूस आहे, तो सांगेल."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. पद्मानं सूप थोडं वळवलं, धूळ पडू नये म्हणून.

"तुम्ही सांगितलं नाही. तर ती म्हणाली, त्यालाही ठाऊक नसणार बिचाऱ्याला. ठाऊक असतं तर सांगितलं असतं त्यानं. शेवटपर्यंत तेच म्हणायची. तुमचं नाव निघालं की कुणाला वाईट बोलू द्यायची नाही." मग तिचे हात थांबले. "पण तुम्हाला तर ठाऊक होतं."

"होतं."

"अन्ना म्हणायचा, मास्तरनं अम्मासाठी झाकलं."

"नाही," मी म्हटलं. "तसंही नव्हतं."

"मग का नाही लिहिलं?"

प्रस्तावनेत लिहिता येतील अशी पुष्कळ वाक्यं मला येत होती. त्यांतलं एकही तिथं बोलता येईना. "पुस्तक चांगलं व्हावं म्हणून," मी म्हटलं.

पद्मानं नवं पान घेतलं. तिनं पुस्तक कधी वाचलेलं नव्हतं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग झालं का चांगलं?" तिनं विचारलं.